कर्जाचा सल्ला आणि गल्लीचे कान: सोलापुरातून एक पार्श्वभूमी

सोलापुरात कर्ज ही कधीच खासगी गोष्ट नव्हती. गिरणीकामगाराची उधारी वाण्याला ठाऊक, जॉबरला (गिरणीतल्या मुकादमाला) ठाऊक आणि चाळीतल्या शेजाऱ्यालाही ठाऊक. आज विडी वळणाऱ्या बाईच्या गटकर्जाचा हप्ता चुकला, तरी ती खबर दिवस मावळायच्या आत गल्लीभर होते. अशा गावातला माणूस मध्यरात्री मोबाईलवर अनोळखी लोकांना विचारतो, ‘पाच ठिकाणचं देणं झालंय, आधी कुणाचं भरू?’ त्याला सल्ला हवा असतोच, पण त्याआधी नाव-आडनाव न सांगता हिशोब मांडायला जागा हवी असते. कारण इथे सल्ला देणारा आणि बोल लावणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

‘झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?’ आणि त्यापाठोपाठ ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ कर्जदाराला ही दोन वाक्यं पाठ असतात. सरकारलाही एके काळी असंच वाटायचं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखतं आणि हिशोबाच्या वह्या जाळल्या. दंगा पुणे-नगर भागात पसरला. चौकशीला आयोग बसला, तेव्हा साहेबलोकांतलं प्रचलित मत असं होतं, की रयत लग्नकार्यात पैसा उधळते आणि म्हणून बुडते. आयोगाने कागद तपासून निष्कर्ष काढला, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. तो खर्च देण्यात भर घालतो, पण कर्जाची सुरुवात क्वचितच त्याच्यापासून होते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आपल्याकडे अजून पुरता पोचलेला नाही, असं लग्नाच्या पंगतीतल्या गप्पा ऐकून वाटतं.

त्यातून आला १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा. तो चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने हा जिल्हा तेव्हा नुकताच पिळून निघाला होता. कायद्याची कलमं आज वाचली तरी नवल वाटतं. खतावर अंगठा आहे म्हणून न्यायाधीशाने तेवढ्यावर थांबायचं नाही. व्यवहार पहिल्या रुपयापासून उकलायचा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं करायचं. शेतकऱ्याला देण्यापायी तुरुंगात टाकायचं नाही. पैसे भरले की पावती द्यायची, वर्षाचा हिशोब द्यायचा, मागितलं तर पासबुक द्यायचं. शिवाय दाव्याआधी दोन्ही बाजूंना बसवून तडजोड करणारे पंच सरकारने नेमायचे. त्या पंचांचं काम सगळीकडे सारखं चाललं असं नाही, पण कर्जदाराला कोर्टाआधी कुणापुढे तरी बसून बोलायची सोय सरकारने मान्य केली होती. दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू कायद्यातला हा नियम पाळला.

सावकारांनी पळवाट शोधलीच. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, ‘पैसे दिलेस की जमीन परत.’ ही रीत आजही चालते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात त्यावर उपाय आहे. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते आणि सावकारीत लुबाडलेली जमीन परत देण्याचा आदेश तो देऊ शकतो. मोबाईलवर सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोडे हे सांगतात. ‘वकील बघा’ म्हणून मोकळे होतात.

१८७७ मध्ये शहरात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली. लोक तिला जुनी गिरणी म्हणतात. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या दुष्काळी गावांतली कुटुंबं आली, आणि कर्जाचं रूप पालटलं. शेतकऱ्याचं देणं हंगामाचं, कामगाराचं पगाराच्या तारखेचं. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२० च्या दशकात सोलापूरच्या गिरणीकामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. म्हणजे किती पैसे येतात, कुठे जातात आणि किती देणं आहे हे घरोघर विचारून मांडलं. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये देशभरातल्या औद्योगिक केंद्रांबद्दल लिहिलं, की बहुतेक ठिकाणी किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि देणं बहुधा तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाला वेढा घालून वसुली करणं हा गुन्हा ठरवावा, अशीही शिफारस केली. वसुली करणाऱ्याचं खरं हत्यार चारचौघांतली नाचक्की हे आहे, हे त्या आयोगाने ओळखलं होतं.

१९३६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता बदलली आणि पैसे नसलेल्या, पण लबाडी न करणाऱ्या कर्जदाराला अटकेपासून संरक्षण मिळालं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात तेच ठामपणे सांगितलं: निव्वळ गरिबीमुळे देणं थकलं म्हणून तुरुंग नाही. मात्र चेक न वटणं ही वेगळी बाब आहे; परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली तो फौजदारी गुन्हा होतो. फोनवर ‘उद्या पोलीस पाठवतो’ म्हणणारा वसुलीवाला या दोन गोष्टींची मुद्दाम गल्लत करतो. चांगला सल्लागार पहिल्यांदा विचारतो, ‘कोरे चेक दिलेत का?’

गिरण्या बंद पडल्या. हातांना यंत्रमाग आणि विडी उरली, आणि कर्ज देणारे वाढले: भिशी, पतसंस्था, सोनं गहाण ठेवणारे, हप्त्यावर गाडी देणारे फायनान्सवाले, बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या. गटकर्जाला तारण नसतं असं कागदावर असतं. प्रत्यक्षात शेजारणीची नजर हेच तारण असतं. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त भाग हप्त्यांत जाईल असं कर्ज देऊ नये. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात सगळ्या गटांची हप्त्यांची कार्डं काढून बेरीज केली, तर हा नियम कुठे मोडला ते तिथल्या तिथे दिसतं. पण ही बेरीज शेजारणीपुढे करायला कुणी धजत नाही.

मग टाळेबंदीच्या काळात मोबाईल ॲपची कर्जं आली. सात दिवसांसाठी काही हजार द्यायचे आणि त्याच वेळी फोनमधले सगळे नंबर उचलायचे. हप्ता चुकला की मामा, मेहुणा, मालक सगळ्यांना संदेश जायचे. गिरणीच्या फाटकाचा वेढा आता खिशात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं, की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नको, नातेवाइकांना-मित्रांना त्रास नको, चारचौघांत अपमान नको. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी ॲपला फोनमधली नावं-नंबर वाचायला मनाई केली आणि कर्जाचा एकूण खर्च ठरावीक पत्रकात आधी दाखवणं बंधनकारक केलं. १८७९ च्या पासबुकाचा हा नातूच म्हणायचा.

नाव न विचारता सल्ला देण्याची रीत मात्र बाहेरून आली. अमेरिकेत १९७६ मध्ये कर्जदारांचेच निनावी गट सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९८७ साली बर्मिंगहॅममधून फोनवर फुकट सल्ला मिळू लागला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांसाठी कर्जसमुपदेशन केंद्रांची योजना आखली. पुढे त्यांची वित्तीय साक्षरता केंद्रं झाली आणि भर खाती उघडण्यावर गेला. कर्जात बुडालेल्याला साक्षरतेचं भाषण नको असतं; ती जागा इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांनी भरली.

त्यातले बरेचसे स्वतः त्यातून गेलेले असतात आणि म्हणूनच ‘कशाला घेतलं’ असं विचारत नाहीत. आधी यादी मागतात: कुणाचं, किती, कुठल्या व्याजाने, तारण काय, किती महिने थकलंय. मंगळवेढं याच जिल्ह्यातलं. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार लोकांना खुलं केलं, तेव्हा बिदरला ते देणं फेडायला गेलेल्या विठूनेही ‘उघडलंस कशाला’ असं विचारलं नव्हतं. अर्थात त्या कथेत देव स्वतः पैसे भरतो. सल्लागाराला ती सोय नाही.

या गर्दीत ‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारेही घुसले आहेत. तडजोडीने मिटलेलं कर्ज सिबिलच्या (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या) अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवं येतं, हे ते सांगत नाहीत. बँक वा फायनान्स कंपनी ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, हे तर मुळीच नाही.

आणि काही सल्ला प्रामाणिक असूनही परदेशी असतो. ‘सरळ दिवाळखोरी जाहीर करा’ हे इंग्रजीत वाचून इथे सांगणारे पुष्कळ आहेत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरता २०१९ मध्ये लागू झाला. यंत्रमागवाल्याला किंवा विडी कामगाराला नादारी (म्हणजे दिवाळखोरी) मागायची तर आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय हाच रस्ता आहे.