जंतुरोधक प्लास्टिक : चाचणी नेमकी कशाची?

अमेरिकेत जंतू मारणाऱ्या रसायनांना कीटकनाशकांच्याच कायद्याखाली नोंदणी लागते. कायदा १९४७चा. प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायच्या ट्रायक्लोसानचा किंवा चांदीच्या संयुगाचा विषारीपणा त्याखाली तपासला जातो. ते मिसळून तयार झालेला चॉपिंग बोर्ड, डबा किंवा टॉयलेट सीट मात्र वेगळ्या नोंदणीतून सुटते. अटी दोन: रसायन त्या वापरासाठी नोंदलेलं असावं आणि ते त्या वस्तूच्याच रक्षणासाठी असावं.

कायद्यात अशा वस्तूला ‘ट्रीटेड आर्टिकल’ म्हणतात, आणि खरा गुंता या शब्दाचाच आहे. बोर्ड बुरशीने काळा पडू नये म्हणून रसायन घातलं तर सवलत. तोच बोर्ड घरच्यांना जंतूंपासून वाचवतो म्हटलं की सवलत गेली. रसायन तेच, प्रमाण तेच. बदलतं ते खोक्यावरचं वाक्य. लहान मुलांच्या प्लास्टिकच्या खेळण्यांवर असा दावा छापल्याबद्दल १९९७ मध्ये एका मोठ्या कंपनीवर कारवाई झाली. २००० मध्ये कोणते शब्द चालतील आणि कोणते नाहीत, हे सांगणारी नोटीस निघाली. मूल खेळणं चोखतं तेव्हा लाळेत किती रसायन उतरतं, हा त्या नोटिशीचा विषय नव्हता. तो असायला हवा होता.

‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ हा आकडा वेगळ्याच चाचणीतून येतो. ती २००० मध्ये जपानने ठरवली आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. प्लास्टिकच्या तुकड्यावर जिवाणू ठेवून, ३५ अंशांत २४ तासांनी किती उरले ते मोजायचं. यातून परिणाम कळतो, सुरक्षितता नाही.

नॅनो चांदी, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, आल्यावर अमेरिकेत वाद कोर्टात गेला. २०११ मध्ये कापडासाठीच्या अशा एका उत्पादनाला सशर्त नोंदणी मिळाली: विक्री आधी, राहिलेले अभ्यास नंतर. प्रयोगातून तुलनेसाठी घेतलेला आधारभूत डोस आणि मुलाच्या अंगात जाणारा अंदाजे डोस यांचं गुणोत्तर १००० किंवा त्याहून कमी आलं तर धोका मानायचा, हा सरकारी यंत्रणेचा स्वतःचा नियम. हिशेब बरोबर १००० आला, तरी धोका नाही असं ठरवलं गेलं. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने नोंदणीचा तेवढा भाग रद्द केला. पण हिशेबासाठी तान्ह्या बाळाऐवजी तीन वर्षांचं मूल धरणं त्याच न्यायालयाने मान्य केलं. हे मला पटत नाही. तान्हं बाळ वजनाने हलकं असतं आणि हाती लागेल ते तोंडात घालतं.

२०१५ मध्ये प्लास्टिक आणि कापड दोन्हींसाठीच्या आणखी एका नॅनो चांदीला सशर्त नोंदणी मिळाली. युक्तिवाद असा, की यात जुन्या, साध्या चांदीपेक्षा कमी चांदी लागते, म्हणून पर्यावरणात जाणारी एकूण चांदी घटेल. जुनी चांदी वापरणारे उत्पादक खरंच नवीकडे वळतील, आणि नवी चांदी आजवर चांदी नसलेल्या वस्तूंत शिरणार नाही, याला पुरावा नव्हता. २०१७ मध्ये तीही नोंदणी रद्द झाली.

युरोपने २०१० मध्येच अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकसाठीच्या मान्य यादीत ट्रायक्लोसान घ्यायला नकार दिला. आपल्याकडे २०१८च्या नियमांत अशा प्लास्टिकमधून अन्नात उतरणारा एकूण पाझर अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. या आकड्यातून पाझरलेल्याचं वजन कळतं. त्यात चांदी होती की आणखी काही, हे कळत नाही.