शेजारच्या सीटवरचा अनोळखी माणूस : विमानातल्या गप्पांची पार्श्वभूमी

विमानात शेजाऱ्याशी बोलावं की गप्प बसावं, हा वाद हल्ली माणसांच्या स्वभावावर घसरतो. कोणी बोलक्यांना आगाऊ ठरवतं, कोणी गप्प बसणाऱ्यांना घुमं. प्रत्यक्षात दोन अनोळखी माणसं बोलणार की नाही, हे बऱ्याच अंशी केबिनची मांडणी, तिथला आवाज आणि प्रवासाचे तास यांनीच ठरवलं आहे.

सुरुवातीचा काळ बोलण्याजोगा नव्हताच. १९१४ मध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीला प्रवासी एकच होता, विमान उघडं आणि प्रवास २३ मिनिटांचा. पुढच्या दशकात बंद केबिन आणि वेताच्या खुर्च्या आल्या. पण इंजिनं इतकी गर्जत की प्रवाशांना कानात घालायला कापूस दिला जाई.

गप्पांचा खरा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४९ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग स्ट्रॅटोक्रूझरच्या पोटात गोल जिन्याने उतरून जायचं एक छोटं बैठकघर होतं. अटलांटिक ओलांडायला रात्रभर लागे. पाय मोकळे करायला खाली आलेला माणूस पेला हातात घेऊन बसला, की समोरच्याशी बोलणं निघेच. बोलायचं नसेल तर वर आपली सीट होतीच. ही सोय मला फार मोलाची वाटते: संवादाला एक जागा होती आणि तिथून उठून जाताही येत होतं.

१९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिकवर आली आणि प्रवासाचा वेळ जवळपास निम्मा झाला. १९७० च्या बोइंग ७४७ ने वरच्या मजल्यावर बैठकघर पुन्हा आणलं. त्या वर्षांत जागा जास्त आणि प्रवासी कमी होते, त्यामुळे एका कंपनीने तर स्वस्त वर्गाच्या बैठकघरात पियानो ठेवला. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागलं, बैठकघरांच्या जागी सीटा बसल्या. १९७८ मध्ये अमेरिकेने भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढायचं ठरवलं. त्यातून तिकिटं स्वस्त झाली, विमानं भरली. आता बोलायचं तर खांद्याला खांदा लावून, मान वळवून.

याच काळात मानसशास्त्रातली एक संज्ञा रूढ झाली आणि तिने बराच गोंधळ घातला. पुन्हा न भेटणाऱ्या माणसापाशी आपण मन मोकळं करतो, या प्रवृत्तीला ‘रेल्वेतला अनोळखी’ असं नाव चिकटलं. मूळ विचार जुना आहे: परक्या माणसाला लोक जवळच्यांपासून लपवलेलं सांगतात, असं एका जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच लिहिलं होतं. पण १९७५ च्या ज्या प्रयोगाचा हवाला वारंवार दिला जातो, तो ना रेल्वेत झाला ना विमानात. तो झाला विमानतळाच्या प्रतीक्षाकक्षात. संशोधकांचे मदतनीस प्रवाशांकडे हस्ताक्षराचा नमुना मागत आणि आधी स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवत. त्या ओळी जितक्या खासगी, तितकं उत्तरही खासगी, असा कल दिसला. पण त्याला मर्यादाही दिसली. समोरचा मुद्दाम आपल्यालाच काही फार खासगी सांगतोय असं वाटलं, की लोक हात आखडता घेत.

नाव रेल्वेचं, प्रयोग प्रतीक्षाकक्षातला आणि निष्कर्ष लावला जातो विमानाला. हा फरक किरकोळ नाही. प्रतीक्षाकक्षात नको झालं तर माणूस उठून दुसऱ्या बाकावर जातो. रेल्वेत निदान दाराशी जाऊन उभं राहता येतं. भरल्या विमानात पट्टा बांधलेला, मधली सीट, पुढे सात तास. पुन्हा भेट होणार नाही हे खरं, पण आत्ता सुटकाही नाही. म्हणूनच अनेकांचं बोलणं विमान खाली उतरू लागल्यावर सुरू होतं. ट्रे मिटलेले असतात, खुर्च्या सरळ झालेल्या असतात, आणि तेवढ्यात शेजारी विचारतो, “इथेच उतरणार की पुढे जाणार?” त्या अर्ध्या तासात दोघंही निर्धास्त असतात. केवळ ‘अनोळखीपणा’वर बोट ठेवणारी संज्ञा हे टिपत नाही.

त्यानंतरच्या घडामोडी झपाट्याच्या. १९८८ मध्ये सीटच्या पाठीवर पडदे दिसू लागले. बाहेरचा आवाज दाबणाऱ्या हेडफोनची कल्पना १९७८ मध्ये विमानातच एका अभियंत्याला सुचली होती. ते आधी वैमानिकांच्या कानावर गेले आणि २००० मध्ये सामान्य प्रवाशांच्या. २०१२ मध्ये एका युरोपीय कंपनीने समाजमाध्यमांवरची ओळख पाहून शेजारी निवडण्याची सोय दिली. २०१३ मध्ये अमेरिकी नियामकाने उड्डाणात मोबाइलवर बोलण्याची बंदी उठवायचा प्रस्ताव आणला. इतर प्रवाशांना दुसऱ्याचं एकतर्फी बोलणं तासन्‌तास ऐकावं लागेल, म्हणून कडाडून विरोध झाला आणि २०२० मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. माझ्या मते हे योग्यच झालं.

२०१४ मध्ये शिकागोतल्या प्रवाशांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अनोळखी माणसाशी बोलणं त्रासाचं होईल असा लोकांचा अंदाज होता. बोलल्यावर प्रवास अधिक सुखाचा झाल्याचं त्यांनीच सांगितलं. बोलक्यांच्या बाजूने आज हाच दाखला दिला जातो. ते प्रवासी मात्र रेल्वे, बस आणि टॅक्सीतले होते.