तरुणपणातील पक्षाघात आणि पुनर्वसन

साधारणपणे १८ ते ५० या वयात येणाऱ्या पक्षाघाताला तरुणपणातील पक्षाघात म्हणतात. वरची वयोमर्यादा काही अभ्यासक ४५ धरतात, काही ५५. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांपैकी ढोबळमानाने १० ते १५ टक्के या वयोगटातले असतात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, हे सगळ्या वयांत सारखेच. कारणे मात्र बरीच वेगळी असतात. उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह तरुणांतही दिसतात, पण त्यांच्या जोडीला मानेतल्या धमनीचा आतला थर फाटणे, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापासून राहून गेलेले छिद्र, रक्त गोठण्याचे विकार, बाळंतपणाच्या सुमारास मेंदूच्या शिरेत होणारी गुठळी हीही कारणे आढळतात. या वयात पक्षाघात कसला, असे समजून लक्षणे चक्कर किंवा अर्धशिशीच्या खात्यात टाकली जातात. त्यात सुरुवातीचे मोलाचे तास निघून जातात आणि पुढचे पुनर्वसन तेवढे अवघड होते.

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती उरलेल्या पेशींनी नव्या जोडण्या तयार करून काम वाटून घेतल्यामुळे. हा बदल पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होतो. मात्र सहा महिने उलटले की सुधारणा थांबते, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे नुकसानही होते, कारण तिच्यावर विश्वास ठेवून अनेकांचा सराव सुटतो. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्टी टेलर यांना १९९६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. पूर्ण बरे व्हायला आठ वर्षे लागली, असे त्या सांगतात. उलट टोकाची घाईही बरी नव्हे. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवण्याने फायदा होतो का, हे तपासणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तसे केलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा काहीशी वाईटच निघाली.

हाताचे पुनर्वसन पायापेक्षा चिवट असते. चालता येऊ लागते, पण शर्टाचे बटण लागत नाही. मग माणूस सगळी कामे चांगल्या हाताने उरकतो आणि लुळा हात वापरातून बाद होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावर शोधलेल्या पद्धतीत चांगल्या हातावर जाड मोजा चढवून तो मुद्दाम अडवून ठेवतात आणि रोज काही तास दुबळ्या हाताकडूनच काम करून घेतात: बटण चिमटीत धरायचे, काजाशी न्यायचे, निसटले की पुन्हा धरायचे. मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येत असतील तरच ही पद्धत चालते. घरच्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: रुग्णाला उठवताना लुळा हात ओढू नये. स्नायूंचा आधार गेलेला खांदा त्याने निखळतो आणि ते दुखणे महिनोन्‌महिने व्यायाम अडवून धरते.

वाचाघात म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरणे अवघड होणे. तो झालेल्या माणसाची बुद्धी बहुतेकदा शाबूत असते, अडतो तो शब्द. साधे वाक्य न बोलता येणारे काही रुग्ण ओळखीच्या गाण्याची ओळ सहज म्हणतात. याच निरीक्षणावर सुरात बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती १९७० च्या दशकात उभी राहिली.

तरुण रुग्णाचे खरे अवघड दिवस अनेकदा रुग्णालयातून घरी आल्यावर सुरू होतात. चालणे-बोलणे ठीक दिसते, म्हणून सगळे त्याला बरा झालेला धरतात. तो मात्र कामाचा ईमेल वाचताना तिसऱ्या ओळीवर पहिली ओळ विसरतो, दोन माणसे एकदम बोलली की गोंधळतो आणि दुपारपर्यंत असा गळून जातो की झोपूनही तो शीण उतरत नाही. हा आळस नव्हे, मेंदूच्या इजेचाच भाग आहे. जवळपास एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्यावरचे फ्लुओक्सेटिन हे औषध सरसकट सगळ्यांना दिल्याने शारीरिक सुधारणा वाढत नाही, हे मात्र २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसले.

म्हणून या वयात पुनर्वसनाचे माप जेवण, अंघोळ आणि जिना एवढ्यावर ठेवणे अपुरे आहे. समोर नोकरीची वर्षे असतात, कर्ज असते, लहान मुले असतात. कामावर परतताना सुरुवातीला कमी तास, शांत जागा, एका वेळी एकच काम आणि ठरलेली विश्रांती अशी चढती आखणी बहुधा टिकते. पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ रुजू झालेला माणूस थकून काम सोडण्याची भीती असते. वाहन चालवण्याआधी दृष्टिक्षेत्राची तपासणी हवीच, कारण एका बाजूचे दिसत नाही हे रुग्णाच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. लैंगिक संबंधांविषयी डॉक्टर फारसे बोलत नाहीत आणि रुग्ण संकोचाने विचारत नाहीत. प्रकृती स्थिर झाल्यावर बहुतेकांना ते सुरू करता येतात. गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या असतात. पुढे मूल हवे असेल तर रक्त पातळ करणारी औषधे बदलावी लागू शकतात, म्हणून तो विषय गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांकडे काढावा.