गॅलन कोणता, टन कोणता?

इंच आणि सेंटिमीटर यांत सहसा कुणी फसत नाही. नावं वेगळी, पट्टीवरच्या खुणा वेगळ्या, आणि आकड्यांत अडीच पटींचा फरक, त्यामुळे चूक लगेच डोळ्यांत भरते. फसगत होते ती दोन ठिकाणी. आकड्यापुढे माप लिहायचं राहून जातं तेव्हा, आणि एकाच नावाची दोन मापं समोर येतात तेव्हा. मेट्रिक (मीटर, लिटर, किलो) आणि इम्पीरियल (ब्रिटिश फूट, गॅलन, पौंड) यांची तुलना बहुतेकदा 'सोपी कोणती?' इथेच संपते, म्हणून या दोन जागांवर मी मुद्दाम जास्त रेंगाळणार आहे.

आधी घडण पाहू. मेट्रिक पद्धत ठरवून बांधलेली आहे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असं १७९१ मध्ये फ्रान्समध्ये ठरलं. पुढची प्रत्येक पायरी दहाच्या पटीत. लांबी, आकारमान आणि वजन एकमेकांत गुंफलेली: दहा सेंटिमीटर बाजूच्या घनात एक लिटर मावतो आणि तेवढ्या पाण्याचं वजन जवळपास एक किलो भरतं. इम्पीरियल मापं मात्र वापरातून वाढत गेली आणि ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने त्यांना शिस्त लावली. १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, १७६० यार्डांचा मैल, १६ औंसांचा पौंड, १४ पौंडांचा स्टोन. हे आकडे अडाणीपणाचे नाहीत, हे मला आवर्जून सांगायचंय. बाराचे दोन, तीन, चार, सहा असे सारखे भाग पडतात. फुटाचा तिसरा हिस्सा सरळ चार इंच. मीटरचा तिसरा हिस्सा ३३.३३ सेंटिमीटरवर अडकतो. अडचण येते ती पायऱ्या चढताना. किलोमीटरचे सेंटिमीटर करायला पाच शून्यं पुरतात, मैलाचे इंच मात्र ६३,३६० होतात.

आज इंचाची व्याख्याही मीटरवरच टेकलेली आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९५९ मध्ये इंच बरोबर २५.४ मिलिमीटर आणि पौंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅम ठरवला. त्यामुळे लांबी आणि साधं वजन यांत अमेरिकी आणि ब्रिटिश माप एकच.

द्रवाकडे वळलं की चित्र बदलतं. ब्रिटनचा कायदा झाला तेव्हा अमेरिका स्वतंत्र होऊन बरीच वर्षं झाली होती. तिथे २३१ घन इंचांचा जुना वाइन गॅलन तसाच राहिला. म्हणून अमेरिकेतल्या मापांना सरसकट इम्पीरियल म्हणणं चूक आहे. इम्पीरियल गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा, अमेरिकी ३.७९ लिटरचा. गॅलनला ४० मैल धावणारी ब्रिटिश हिशेबातली गाडी अमेरिकी हिशेबात ३३ मैलांवर येते; गाडी तीच, इंजिन तेच. पाइंटही (गॅलनचा आठवा भाग) ब्रिटिश ५६८ आणि अमेरिकी ४७३ मिलिलिटर असा फुटतो. गंमत म्हणजे द्रव औंसात उलटा प्रकार: तिथे अमेरिकी माप किंचित मोठं, कारण त्यांच्या पाइंटमध्ये १६ औंस असतात आणि ब्रिटिश पाइंटमध्ये २०.

व्यापारात सगळ्यात महाग पडतो तो टन. ब्रिटिश 'लाँग टन' २२४० पौंडांचा, म्हणजे १०१६ किलो. अमेरिकी 'शॉर्ट टन' २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. मेट्रिक टन १००० किलो. करारात नुसतं '५०० टन' लिहिलं तर लाँग आणि शॉर्ट यांत ५४ हजार किलोंहून अधिक माल वरखाली होतो. सोन्याचा औंसही वेगळाच असतो: ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅम, नेहमीचा २८.३५.

आता माप न लिहिलेल्या आकड्यांबद्दल. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ ला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरवरून वजन काढताना १.७७ हा आकडा वापरला गेला. तो एका लिटरचं पौंडांतलं वजन सांगणारा होता. किलोसाठी साधारण ०.८ हवा होता. टाक्यांत निम्म्याहून कमी इंधन पडलं आणि दोन्ही इंजिनं आकाशातच बंद झाली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिम्ली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान असंच हरवलं. एका संगणक प्रणालीने आवेग (यानाला मिळालेल्या धक्क्याचा हिशेब) पौंडांच्या मापात दिला, पुढच्या प्रणालीने तो न्यूटन या मेट्रिक मापात धरला. फरक जवळपास साडेचार पटींचा होता.

कारखान्यात चूक इतकी मोठी नसते, म्हणूनच ती लवकर दिसत नाही. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे तेवढ्या रुंद डोक्याच्या बोल्टवर बहुधा १९ चा पाना चालून जातो. पण अर्धा इंच १२.७ आहे. तिथे १३ चा पाना लावला की तो सैल बसतो आणि जोर दिला की बोल्टचे कोपरे झिजतात. नेहमीचा पाव इंची नट एम६ च्या, म्हणजे ६ मिलिमीटरच्या मेट्रिक, बोल्टवर नेऊ नये. एकाचे आटे १.२७ मिलिमीटर अंतराने, दुसऱ्याचे १ मिलिमीटरने. मारूनमुटकून फिरवलं तर आटे मरतात. अर्ध्या इंचाच्या लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो. तो इंच फक्त नावाचा, मोजपट्टी लावून तो सापडत नाही. गाडीच्या टायरवर तर दोन्ही पद्धती एकत्र नांदतात: २०५/५५ आर १६ यात रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचांत.

क्षेत्रफळात गुणक दोनदा लागतो, हे घाईत सुटतं. एका मीटरचे ३.२८ फूट, पण एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट. १०० चौरस मीटरचे ३२८ चौरस फूट काढणारा दोन तृतीयांश जागा गमावून बसतो.

आणि आकडा पूर्णांकात आणायचा तो अगदी शेवटी. अर्ध्या इंचाची फळी आधीच '१३ मिलिमीटर' धरून तशा २० फळ्यांची थप्पी मोजली तर २६० येतात. प्रत्यक्षात थप्पी २५४ मिलिमीटरचीच असते, आणि २६० ची केलेली खोबण ६ मिलिमीटरने सैल राहते.