मुलांनाही संधिवात होतो

संधिवात म्हटले की डोळ्यांसमोर उतारवयातले माणूस उभे राहते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजला, तर ती कुठेतरी पडली असेल, पाय मुरगळला असेल, अशा समजुतीत कित्येक आठवडे निघून जातात. प्रत्यक्षात साधारण हजारात एका मुलाला सांध्यांचा दीर्घकाळ टिकणारा दाह होतो. तो सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झाला, किमान सहा आठवडे टिकला आणि त्याचे दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तर त्याला ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, थोडक्यात जेआयए, म्हणतात. लंडनचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांच्या नोंदी मांडल्या आणि त्यांतील अनेकांचा आजार प्रौढांच्या आमवाताहून (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) वेगळा असल्याचे मत व्यक्त केले.

निदानातली मोठी अडचण अशी की लहान मूल ‘दुखते’ असे बहुधा सांगतच नाही. ते सकाळी उठल्यावर लंगडते, जिना उतरताना कडेवर घ्या म्हणते, चालायला शिकलेले असूनही पुन्हा रांगू लागते, आणि दुपारपर्यंत सांधे मोकळे झाले की खेळायला पळते. दुपारच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांना अशा मुलात फारसे काही आढळले नाही, तर नवल नाही. याउलट, ज्यांना आपण ‘वाढीच्या वेदना’ म्हणतो, त्या संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पायांत होतात, सकाळी मूल ठणठणीत असते आणि सांध्यांवर सूज नसते. सकाळचे लंगडणे म्हणूनच कधीही दुर्लक्षिण्यासारखे नसते.

रक्ताच्या एका तपासणीने निदान होईल ही अपेक्षाही चुकीची आहे. प्रौढांच्या आमवातात उपयोगी पडणारा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे रक्तातले एक प्रतिद्रव्य, जेआयए असलेल्या मुलांपैकी जेमतेम पाच टक्क्यांत सापडतो. त्यामुळे तो ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निश्चिंत होता येत नाही. शिवाय रक्ताचा कर्करोगही कधी कधी सांधेदुखीच्या रूपाने समोर येतो, आणि ती शक्यता तपासण्यापूर्वीच स्टेरॉइड सुरू केले, तर खरा आजार झाकला जाण्याची भीती असते.

मुलांच्या संधिवातासाठी स्वतंत्र तज्ज्ञ का लागतो, याचे सर्वांत ठळक उत्तर गुडघ्यात नसून डोळ्यात आहे. जेआयएच्या काही प्रकारांत, विशेषतः मोजकेच सांधे सुजलेल्या आणि रक्तात एएनए ही प्रतिद्रव्ये आढळलेल्या लहान मुलींमध्ये, डोळ्याच्या आतल्या भागाला दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि लक्षात येईपर्यंत मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊन दृष्टी गेलेली असू शकते. अशा मुलींचे डोळे सुरुवातीची काही वर्षे दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पाहावे लागतात, मग सांधे कितीही शांत असोत. दुसरे कारण म्हणजे वाढ. सुजलेल्या गुडघ्याकडे रक्तपुरवठा वाढतो, त्याजवळचे हाड वेगाने वाढते आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. जबड्याच्या सांध्याला दाह झाला, तर मात्र उलट हनुवटी खुरटते.

उपचारांचे चित्र गेल्या काही दशकांत पालटले आहे. पूर्वी दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडमुळे मुलांची उंची खुंटत असे. आता एकदोन सांधे सुजले असतील, तर बहुधा सांध्यातच स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात; आजार अधिक पसरला असेल, तर मेथोट्रेक्सेट सुरू करतात. हे औषध कर्करोगातही वापरले जात असल्याने पालक धास्तावतात, परंतु संधिवातातली मात्रा त्या मानाने फारच कमी असते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि चुकून रोज घेणे धोकादायक ठरते. त्याने भागले नाही, तर दाह पेटवणारे विशिष्ट रेणू अडवणारी जैविक औषधे आहेत. त्यांपैकी इटानर्सेप्टला अमेरिकेत १९९९ मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली. या सर्वांबरोबर फिजिओथेरपी चालूच राहते, कारण सांधा जपण्यासाठी मुलाला बसवून ठेवले, तर स्नायू क्षीण होतात आणि सांधा आखडतो.

मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार), त्वचा व स्नायूंना ग्रासणारा डर्मॅटोमायोसायटिस आणि हृदयाच्या धमन्या फुगवू शकणारा कावासाकी आजार असलेली मुलेही येतात. काहींचा आजार प्रौढपणीही सोबत राहतो. म्हणून किशोरवयातच त्यांना मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी टप्प्याटप्प्याने तयार केले जाते: आपल्या औषधांची नावे सांगणे, इंजेक्शन स्वतः घेणे आणि भेटीचा काही वेळ पालकांशिवाय डॉक्टरांशी बोलणे.