पाण्यातले चार आयन

लिडोकेन हायड्रोक्लोराइड हे भूल देणारे औषध पाण्यात विरघळले की दोन आयन सुटे होतात. एक लिडोकेनचा थोराड धनायन, दुसरा चिमुकला क्लोराइड. त्या पाण्यात आधीच १-ब्युटिल-३-मिथाइलइमिडाझोलियम ब्रोमाइड हा आयनिक द्रव (शंभर अंशांखालीच वितळणारा क्षार) मिसळलेला असेल, तर आणखी दोन आयन तिथे हजर असतात. म्हणजे एकूण चार. यांतला कोण कोणाबरोबर आला होता, याची नोंद पाणी ठेवत नाही. औषधी क्षार आणि आयनिक द्रव यांच्या जलीय द्रावणांवर गेल्या वीस वर्षांत भरपूर लिहिले गेले, पण ही साधी गोष्ट त्यात वारंवार झाकली जाते. विरळ द्रावणात 'आयनिक द्रव' हा द्रव राहिलेलाच नसतो. तोही एक विरघळलेला क्षार असतो. त्यामुळे या विषयाचा इतिहास आयनिक द्रवांपासून सुरू करून चालत नाही. तो क्षारांपासून सुरू करावा लागतो.

औषध क्षाराच्या रूपात देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. अफूतून मॉर्फीन वेगळे झाले, १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले, आणि लवकरच एक अडचण समोर आली. हे पदार्थ आम्लारीधर्मी, रेणू मोठे, पाण्यात जेमतेम विरघळणारे. आम्लाशी संयोग करून त्यांचा सल्फेट किंवा हायड्रोक्लोराइड बनवला की नायट्रोजनवर धनप्रभार येतो आणि पाणी त्यांना सामावून घेते. पुढे आइनहॉर्न यांचे प्रोकेन आणि १९४३ मध्ये लोफग्रेन यांनी तयार केलेले लिडोकेन याच वाटेने सुईपर्यंत पोहोचले. भूल देण्याचे २ टक्के लिडोकेन हायड्रोक्लोराइडचे द्रावण म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, लिटरमागे सुमारे ०.०७४ मोल. प्रयोगशाळेत घनता आणि विष्यंदितेची (वाहण्याला होणाऱ्या विरोधाची) मोजमापे साधारण याच संहतीच्या आसपास होतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

क्षार पाण्यात नेमके काय करतो, या प्रश्नाची बहुतेक मुळे १८८० च्या दशकात सापडतात, आणि तीही एकमेकांना खेटून. १८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी आयनीभवनाचा सिद्धांत पूर्ण रूपात मांडला. १८८८ मध्ये हॉफमाइस्टर यांनी अंड्यातले प्रथिन साकळवण्याच्या क्षमतेनुसार क्षारांची क्रमवारी लावली. १८८९ मध्ये नर्न्स्ट यांनी एका क्षाराची द्राव्यता दुसऱ्यामुळे कशी बदलते ते दाखवले, आणि त्याच वर्षी क्षारामुळे पाण्यातल्या वायूची द्राव्यता किती बदलते हे सांगणारे सेचेनोव यांचे सूत्र आले. सेचेनोव मूळचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. रक्तात कार्बन डायऑक्साइड कसा राहतो, या कुतूहलातून ते क्षारयुक्त पाण्यातल्या वायूंच्या द्राव्यतेकडे वळले. हॉफमाइस्टर यांच्या हातात प्रथिने होती, सेचेनोव यांच्या डोक्यात रक्त. क्षारयुक्त पाण्याचा हा अभ्यास पहिल्यापासूनच शरीराशी बांधलेला होता.

१८९४ मध्ये ड्रूड आणि नर्न्स्ट यांनी एक विलक्षण गोष्ट समजावली. आयनाचे विद्युत क्षेत्र आजूबाजूचे पाणी आवळून घेते, म्हणून क्षार विरघळला की आकारमान अपेक्षेपेक्षा कमी भरते. स्फटिकरूपात एक मोल मीठ २७ घन सेंटिमीटर जागा घेते. २५ अंश सेल्सिअसला अतिविरळ द्रावणात त्याच्या वाट्याला सुमारे १६.६ घन सेंटिमीटरच येतात. मॅग्नेशियम सल्फेटच्या बाबतीत तर हा आकडा ऋण होतो: क्षार टाकला आणि द्रावण आक्रसले! पदार्थ विरघळताना काय घडते हे डोळ्यांना दिसत नाही, पण आकारमानात ते उमटते. पुढची सगळी घनतामापने या एका जाणिवेवर उभी आहेत.

१९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी आयनांभोवतीच्या विरुद्ध प्रभाराच्या ढगाचे गणित दिले आणि संहतीचे वर्गमूळ या शास्त्रात कायमचे येऊन बसले. १९२९ मध्ये मॅसन यांनी दृश्य मोलर आकारमान (द्रावणात एक मोल क्षाराच्या वाट्याला येणारे आकारमान) या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते असे दाखवले. त्याच वर्षी जोन्स आणि डोल यांनी बेरियम क्लोराइडवर काम करून विष्यंदितेचे समीकरण दिले. त्यात दोन गुणांक आहेत. 'ए' सांगतो आयनांची आपापसातली ओढाताण, आणि 'बी' सांगतो आयन आणि पाणी यांचे नाते. काही क्षारांनी पाणी दाट होते आणि काहींनी उलट पातळ, हे १८४७ मध्येच प्वाझेय यांच्या लक्षात आले होते. ते मांडायला आकडा मिळाला तो ऐंशी वर्षांनी. आजही एखाद्या औषधी क्षारावरचा शोधनिबंध उघडला तर मॅसन आणि जोन्स-डोल ही नावे पहिल्या दोन तक्त्यांत भेटतात.

याच गुणांकांच्या बळावर आयनांना 'पाण्याची रचना घडवणारे' आणि 'रचना मोडणारे' अशी लेबले चिकटली. १९४५ मध्ये फ्रँक आणि इव्हान्स यांनी, तेलकट गटांभोवती पाणी जणू हिमखंडासारखे शिस्तीत उभे राहते, अशी कल्पना मांडली. १९६९ मध्ये हेपलर यांनी कसोटी दिली: तापमानाबरोबर आकारमान कसे वळते, त्या वळणाच्या धन-ऋण चिन्हावरून आयन घडवणारा की मोडणारा ते ठरवायचे. कसोटी सुटसुटीत आहे आणि म्हणूनच तिचा अतिवापर झाला. २००३ मध्ये अतिवेगवान अवरक्त स्पंदांनी पाण्याच्या रेणूंचे फिरणे मोजले गेले, तेव्हा तपासलेल्या क्षारांत आयनाच्या अगदी लगतच्या थरापलीकडे पाण्यावर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. तरीही 'औषध रचना घडवणारे ठरते' हे वाक्य आजही निष्कर्षांत जसेच्या तसे छापले जाते. मला हे खटकते. हेपलर यांचे चिन्ह खोटे नाही. पण ते आकारमानाच्या वक्राबद्दल बोलते, आणि त्यावरून संपूर्ण पाण्याच्या बांधणीबद्दल बोलण्याचा अधिकार आपण परस्पर घेतो.

याहून अधिक कामाची कल्पना गर्नी यांची. १९५३ मध्ये त्यांनी प्रत्येक आयनाभोवती बदललेल्या पाण्याचा एक गोल कल्पिला. दोन आयन जवळ आले की हे गोल एकमेकांत शिरतात आणि मधले पाणी मोकळे होते. प्रभारित भागांजवळचे आवळलेले पाणी सुटले तर आकारमान वाढते. तेलकट भाग एकमेकांशेजारी आले तर ते घटते. १९७३ मध्ये फ्रीडमन आणि कृष्णन यांनी या कल्पनेला अधिक नेमके रूप दिले. औषध साध्या पाण्यातून आयनिक द्रवाच्या द्रावणात 'हलवले' तर त्याचे मोलर आकारमान किती बदलते, हा फरक या चित्राच्या आधारे वाचला जातो. धन फरक म्हणजे प्रभारांची जवळीक वरचढ, ऋण फरक म्हणजे तेलकट भागांची.

आता दुसरा धागा. १९१४ मध्ये वाल्डेन यांनी इथिलअमोनियम नायट्रेटची नोंद केली, जे सुमारे १२ अंशांना वितळते. मिठाला वितळायला ८०१ अंश लागतात. या नोंदीकडे कितीतरी वर्षे फारसे कुणी वळले नाही. ॲल्युमिनियम क्लोराइडवर आधारलेले द्रवरूप क्षार पुढे आले, पण पाण्याचा स्पर्श होताच ते बिघडत. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोट्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकणारे इमिडाझोलियम क्षार दिले, तेव्हाच 'आयनिक द्रव अधिक पाणी' हा विषय शक्य झाला. २००० मध्ये सेडन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्यात उरलेले थोडेसे पाणी किंवा क्लोराइडही विष्यंदिता पार बदलून टाकते. ही ताकीद आजही तितकीच लागू आहे. हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. नीट न वाळवता तोलले तर संहतीच चुकते, आणि मग सहाव्या दशांशापर्यंत मोजलेली घनता काय कामाची? २५ अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले तर पाण्याची घनता घन सेंटिमीटरमागे सुमारे ०.०००२६ ग्रॅमने उतरते. म्हणून या कामात अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत तापमान राखावे लागते.

२००३ मध्ये रॉजर्स यांच्या गटाने ब्युटिलमिथाइलइमिडाझोलियम क्लोराइडच्या द्रावणात पोटॅशियम फॉस्फेट घातले आणि पाण्याचेच दोन थर झाले. हॉफमाइस्टरची जुनी क्रमवारी पुन्हा कामाला आली, आणि औषधे एका थरातून दुसऱ्यात खेचण्याचा मार्ग खुला झाला. पुढच्याच वर्षी ऑक्टिल शेपटीचे, म्हणजे आठ कार्बनांची तेलकट साखळी असलेले, इमिडाझोलियम क्षार पाण्यात पुंजके बांधतात, हे न्यूट्रॉन विकिरणाने दिसले. म्हणजे शेपूट लांबली की आयनिक द्रव साबणासारखा वागू लागतो. औषधांत ही सवय आधीच होती: क्लोरप्रोमाझीन हायड्रोक्लोराइड स्वतःच पाण्यात मिसेल, म्हणजे असेच पुंजके, बांधते. दोन धनायन असे असतील तर ते एकाच पुंजक्यात भागीदारी करतात. डायक्लोफेनॅकसारख्या औषधाचा ऋणायन लांब शेपटीच्या इमिडाझोलियमला भेटला तर आकर्षण इतके वाढते की गढूळपणा किंवा अवक्षेपही येऊ शकतो.

आता ब्रोमाइडऐवजी क्लोराइडचा आयनिक द्रव घ्या. चार आयनांचे तीनच होतात, कारण क्लोराइड दोघांचाही सामाईक. नर्न्स्ट यांच्या १८८९ च्या नियमानुसार हायड्रोक्लोराइड औषधाची द्राव्यता त्याने घटायला हवी. दुसरीकडे इमिडाझोलियमचा सपाट, तेलकट धनायन औषधाच्या बेंझीन वलयाला बिलगून त्याला पाण्यात राहायला मदत करतो. नॉयबर्ग यांनी १९१६ मध्ये सोडियम बेंझोएटसारख्या क्षारांत हाच गुण ओळखून त्याला हायड्रोट्रॉपी म्हटले होते. कोण जिंकणार हे संहतीवर आणि शेपटीच्या लांबीवर ठरते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत फलदायी प्रश्न हाच आहे. एकाच औषधावर, एकाच धनायनासोबत फक्त ऋणायन बदलून केलेली मापने त्यासाठी हवीत.

२००७ मध्ये या दोन धाग्यांची गाठ पडली. रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी लिडोकेनच्या धनायनाला क्लोराइडऐवजी डोक्युसेट हा मोठा, वेडावाकडा ऋणायन दिला. स्फटिक बांधायला जमेना, आणि औषध स्वतःच आयनिक द्रव झाले. उंदरांवरच्या चाचणीत त्याचा वेदनाशामक परिणाम अधिक वेळ टिकला. 'द्रावणात गेल्यावर आयन तर सुटेच होणार, मग जोडीदार बदलून फरक का पडावा?' हा आक्षेप लगेच सुचतो, आणि तो योग्य आहे. पुरेशा विरळ पाण्यात लिडोकेन डोक्युसेट आणि लिडोकेन हायड्रोक्लोराइड यांतला लिडोकेन एकच असतो. पण डोक्युसेट हा पृष्ठसक्रिय, म्हणजे साबणासारखा, असल्याने तो लिडोकेनला पुंजक्यात धरून ठेवू शकतो, आणि त्वचेसारख्या तेलकट ठिकाणी जोडी शाबूत राहण्याची शक्यता पाण्यापेक्षा जास्त.

इमिडाझोलियम मात्र औषधात घालण्याजोगा सोबती नाही. शेपूट लांबेल तशी त्याची विषारीता वाढते, कारण ज्या गुणामुळे तो पुंजके बांधतो त्याच गुणामुळे पेशीच्या पटलात शिरतो. म्हणून अलीकडे मापनांचा रोख शरीराला परिचित असलेल्या कोलीनच्या क्षारांकडे आणि अमिनो आम्लांपासून केलेल्या ऋणायनांकडे वळला आहे. घनतामापक तोच, मॅसनची रेषा तीच. पाण्यातले दोन आयन तेवढे बदलले आहेत.