ओंगोलची पंधरा महिन्यांची वाट

देवाच्या वचनाची वाट पाहण्याचा विषय निघाला की चर्चमधल्या संदेशात अब्राहाम आणि सारा येतात, हबक्कूक येतो, इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय वाचला जातो. ते सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर बऱ्याचदा सांगितली जाते ती आंध्रातल्या ओंगोलच्या टेकडीची गोष्ट. ही गोष्ट मात्र बहुतेक वेळा अर्ध्यावरच थांबते, आणि ज्यावर वाद घालता येईल तो निर्णय आहे पुढच्या अर्ध्यात.

नेहमीचा भाग थोडक्यात असा. एका अमेरिकन बाप्टिस्ट संस्थेचे लोक 1836 मध्ये तेलुगू मुलुखात आले आणि 1840 मध्ये नेल्लोरला स्थिरावले. वर्षांमागून वर्षं गेली, तरी मंडळी बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. तिकडे पैसा पाठवणाऱ्यांचा धीर सुटत चालला. काम बंद करायचा विषय पुन्हा पुन्हा निघाला. 1853 च्या वार्षिक सभेत तर गोष्ट अगदी गळ्याशी आली होती. त्या रात्री एकाने नेल्लोरच्या या मिशन-ठाण्याला ‘एकटा तारा’ म्हणणारी कविता लिहिली, ती दुसऱ्या दिवशी वाचली गेली आणि ठाणं वाचलं. पुढे 1 जानेवारी 1854 च्या पहाटे एक मिशनरी जोडपं आणि तीन तेलुगू विश्वासी ओंगोलजवळच्या टेकडीवर चढले. सुवार्ता आणणाऱ्याच्या पायांविषयीचं यशयातलं वचन वाचून त्यांनी या गावासाठी एक माणूस मागितला. तो माणूस, म्हणजे ओंगोलचा मिशनरी, 1866 मध्ये तिथे राहायला आला. संदेश साधारण इथे संपतो: बारा वर्षं धीर धरला, उत्तर मिळालं.

पण उत्तर मिळालं ते कुणाच्या रूपाने? पहिल्यांदा मोठ्या संख्येने पुढे आले ते मादिगा, म्हणजे चामड्याचं काम करणारे, गावाबाहेर राहणारे लोक. ते येऊ लागताच उच्चवर्णीय मुलांनी मिशनची शाळा सोडली. ज्या घरांवर मिशनऱ्याची भिस्त होती ती दारं बंद झाली. मादिगांना मोजके नियम सांगितले गेले: रविवारी काम करायचं नाही, मेलेल्या जनावराचं मांस खायचं नाही, मूर्तीची पूजा करायची नाही. कागदावर हे सोपं दिसतं. पण गावच्या जत्रेत ढोल वाजवणं हे मादिगाचं ठरलेलं काम होतं, आणि तो ढोल नाकारणं म्हणजे गावाशी उघड वैर घेणं. त्याची शिक्षा गावकामगार आणि जमीनदार सहज देऊ शकत होते. असे लोक दहा वर्षं वाढत गेले.

मग 1876 ते 78 चा दुष्काळ पडला. आपल्याकडे नगर आणि सोलापूर ज्याने होरपळले तोच हा दुष्काळ. ओंगोलच्या मिशनऱ्याला जमीन-मोजणीचं काम येत होतं. त्याने सरकारकडून बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं आणि भुकेल्यांना मजुरी मिळवून दिली. मुकादम म्हणून त्याचे तेलुगू प्रचारकच उभे होते. दुपारच्या विसाव्याला ते खोदणाऱ्यांत बसून ‘कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या’ हे वचन सांगत. पाठीवर मातीची पाटी वाहणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नव्हतं. शेकडो लोक बाप्तिस्मा मागू लागले.

आणि याच वेळी बाप्तिस्मे बंद करण्यात आले, ते तब्बल पंधरा महिने.

कारण उघड होतं. उपाशी माणसाला पाण्यात उतरवलं तर धान्यासाठी धर्म बदलला असं जग म्हणेल, आणि पाऊस पडल्यावर मंडळी रिकामी होईल. ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण हा निर्णय सरसकट शहाणपणाचा म्हणून गौरवला जातो, ते मला पटत नाही. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून पाहा. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा तर त्याच रात्री झाला. तिथे कुणी हंगाम उलटायची वाट पाहिली नाही. शिवाय कालव्यावर मिळत होती ती घामाची मजुरी होती. खोदणारा कुणाचा मिंधा नव्हता. तरी त्याच्या विश्वासाची परीक्षा सुगीपर्यंत लांबवली गेली, तीही भूक आणि पटकी रोज माणसं नेत असताना. महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेल्या आपल्याकडच्या ख्रिस्ती घराण्यांनीही ‘भाकरीसाठी गेले’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. त्यामुळे हा प्रश्न मराठी मंडळीला परका नाही.

टेकडीवरच्या पाच जणांनी वाट पाहिली ती वचन हाती धरून. या लोकांना मात्र वचन सांगून झाल्यावर, ते मनापासून धरल्यावर, थांबायला सांगितलं गेलं, आणि सांगणारा अन्नदाताही होता. त्याच्यावर न रुसता, देवाकडे पाठ न फिरवता ते थांबले. वाट पाहण्यावरच्या संदेशात खरं तर यांची नावं आधी यायला हवीत.

जून 1878 मध्ये मदत संपत आली तेव्हा मिशनऱ्याने आपल्या प्रचारकांना ओंगोलच्या उत्तरेला वेल्लुमपल्लीला बोलावलं. लोकांना आणू नका, असा निरोप होता. तरी लोक आलेच. आता द्यायला पैसे नाहीत, असं त्याने जमावाला स्पष्ट सांगितलं. पैसे नकोत, असं उत्तर आलं. त्यांनी हातांवरचे फोड दाखवले. आम्ही राबलो आहोत, पुढेही राबू, आणि पीक गेलं तर मरूही, पण ख्रिस्ती म्हणून मरू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मग एकेकाची चौकशी सुरू झाली. 3 जुलैला गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा तेलुगू पाळक होते, एका वेळी दोघे पाण्यात उभे राहत, काठावरून नावं वाचली जात. सकाळी आणि दुपारनंतर मिळून सुमारे नऊ तास हे चाललं. मिशनऱ्याने स्वतः कुणालाही बाप्तिस्मा दिला नाही, तो काठावरच होता. वर्षअखेरीस त्या वर्षातला आकडा साडेनऊ हजारांवर गेला.

नदीवरून हे लोक परतले ते त्याच गावांत, त्याच गावकामगारांच्या हाताखाली. पुढच्या जत्रेला ढोल वाजवायचं बोलावणं त्यांना येणारच होतं.